दीर्घिकांतील वारे आणि क्ष-किरणांची साक्ष

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या मनात दोन प्रश्न आले असतील. पहिला असा की, अंधेरी-घाटकोपरला राहणाऱ्या, सकाळची लोकल पकडून कामावर जाणाऱ्या माणसाचा कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांशी संबंध काय? दुसरा असा की, बी.ए., बी.एड. झालेल्या, इतिहास-भूगोल शिकविणाऱ्या शिक्षकाने या विषयावर बोलावेच कशाला?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जी गोष्ट घडताना आपण पाहिली नाही, तिच्याविषयी खात्रीने कसे बोलावे, हा इतिहासाच्या शिक्षकाचा रोजचा प्रश्न आहे. आम्ही शिलालेख, नाणी आणि कागदपत्रे यांची साक्ष घेतो. खगोलशास्त्रज्ञापुढेही हाच प्रश्न असतो. त्याचा साक्षीदार मात्र प्रकाश असतो. त्या साक्षीची तपासणी कशी होते हे समजण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. दहावीचे गणित आणि थोडे लक्ष एवढे पुरते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र भाषणाच्या शेवटी देईन, कारण ते पालकांच्या एका मोठ्या निर्णयाशी जोडलेले आहे.

प्रथम दीर्घिका म्हणजे काय ते पाहू. आपला सूर्य हा अब्जावधी ताऱ्यांच्या ज्या समूहात आहे, त्यास आपण आकाशगंगा म्हणतो. अशा स्वतंत्र तारकासमूहांना दीर्घिका हे नाव आहे. आपल्याजवळची मोठी दीर्घिका देवयानी तारकापुंजात दिसते. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर कापतो, म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, त्यास प्रकाशवर्ष म्हणतात. आणि ही दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. इस्फहान येथील अब्दुर्रहमान अल्-सूफी यांनी इ. स. ९६४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ताऱ्यांवरील ग्रंथात तिची नोंद ‘लहानसा ढग’ अशी केली. तो ढग म्हणजे वेगळी दीर्घिका आहे, हे अमेरिकेत एडविन हबल यांच्या १९२३-२४ च्या निरीक्षणांवरून ठरले. नोंद आणि तिचा अर्थ यांच्यामध्ये साडेनऊशेहून अधिक वर्षे गेली. प्रामाणिकपणे केलेली नोंद वाया जात नाही, एवढे विद्यार्थ्यांनी यातून लक्षात ठेवावे.

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी असलेल्या कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांएवढे आहे; त्यासंबंधीच्या संशोधनासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपले कृष्णविवर सध्या शांत आहे. परंतु काही दीर्घिकांत मध्याकडे भरपूर वायू ओढला जात असतो. तो सरळ आत पडत नाही. भोवऱ्यातील पाण्याप्रमाणे फिरत फिरत आत जातो, त्याची तबकडी बनते, आणि घर्षणाने ती विलक्षण तापते. सूर्यात हायड्रोजनपासून हेलियम होताना वस्तुमानाच्या ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. कृष्णविवराकडे जाणाऱ्या वायूतून सुमारे १० टक्क्यांपर्यंत ऊर्जा बाहेर पडू शकते. त्यामुळे आपल्या सूर्यमालेएवढ्या जागेतून साऱ्या दीर्घिकेपेक्षाही जास्त प्रकाश येतो. अशा दीर्घिकांना सक्रिय दीर्घिका म्हणतात. कार्ल सायफर्ट यांनी १९४३ साली यांपैकी काहींचा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून एका प्रकाराला सायफर्ट दीर्घिका हे नाव पडले. यांच्याहून तेजस्वी असलेल्या क्वेसारांचे खरे अंतर मार्टन श्मिट यांनी १९६३ मध्ये ओळखले.

आता आजच्या विषयाचा मुद्दा. कृष्णविवर सगळे काही गिळते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याच्याकडे निघालेल्या वायूपैकी बराचसा वायू आत न पडता उलट बाहेर फेकला जातो. तबकडीतून येणारा प्रखर प्रकाश आणि तेथील चुंबकीय क्षेत्र त्याला बाहेर ढकलतात. या बाहेर जाणाऱ्या वायूला आपण सोयीसाठी ‘वारा’ म्हणू.

हा वारा महत्त्वाचा का? तारे थंड वायूपासून बनतात. मध्यातून निघालेल्या वाऱ्याने दीर्घिकेतील वायू तापवला किंवा बाहेर लोटला, तर नवे तारे बनणे थांबते. म्हणजे आकाराने अतिशय लहान असे एक केंद्र, लाखो प्रकाशवर्षे पसरलेल्या दीर्घिकेचे भवितव्य ठरवू शकते. दीर्घिकेच्या मध्यवर्ती फुगवट्याचे वस्तुमान आणि कृष्णविवराचे वस्तुमान यांत एक प्रमाण आढळते. कृष्णविवर ढोबळमानाने हजाराव्या भागाएवढे असते. या दोहोंची वाढ एकमेकांशी कशी बांधली गेली, याच्या उत्तरात या वाऱ्याला मोठे स्थान दिले जाते. तेव्हा हा वारा किती वेगाचा, किती वजनाचा आणि किती दूर जाणारा, हे मोजणे आवश्यक ठरते.

परंतु मोजायचे कसे? हा वायू स्वतः फारसा चमकत नाही, आणि दुर्बिणीतून त्याचे चित्र घेता येणार नाही इतका तो केंद्राच्या जवळ असतो. येथे क्ष-किरण उपयोगी पडतात.

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी छातीचा एक्स-रे काढला असेल. त्यात एका बाजूला किरण सोडणारे यंत्र असते, मध्ये रुग्ण उभा राहतो आणि पलीकडे फिल्म असते. हाड स्वतः चमकत नाही. ते किरण अडवते, आणि त्याची सावली फिल्मवर उमटते. डॉक्टर ती सावली वाचतात. सक्रिय दीर्घिकेतही हीच मांडणी आहे. कृष्णविवराजवळचा अतितप्त वायू हे किरण सोडणारे यंत्र, बाहेर निघालेला वारा हा मध्ये उभा असलेला रुग्ण, आणि आपल्या उपग्रहावरील कॅमेरा ही फिल्म. वाऱ्याने कोणते किरण अडवले ते पाहायचे आणि त्यावरून वारा ओळखायचा.

मात्र खगोलशास्त्रज्ञ डॉक्टरांहून एक पाऊल पुढे जाऊ शकतात. ते आलेल्या क्ष-किरणांची ऊर्जेप्रमाणे वर्गवारी करतात. लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग वेगळे होतात, तसाच हा क्ष-किरणांचा वर्णपट होय. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू ठरावीक ऊर्जेचेच किरण शोषतो. ऑक्सिजनच्या खुणा वेगळ्या, लोखंडाच्या वेगळ्या. शिवाय अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत, त्याप्रमाणे त्या खुणा सरकतात. म्हणून वर्णपटात कोठे खाच पडली आहे ते पाहिले, की मध्ये कोणते मूलद्रव्य आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, दोन्ही कळते. या खाचांना शोषणरेषा म्हणतात. वहीतील कोणती पाने फाडली आहेत त्यावरून वही कोणाच्या हाती गेली होती हे ओळखावे, तसा हा प्रकार आहे.

१९८४ साली ज्युल्स हाल्पर्न यांनी आइन्स्टाइन नावाच्या उपग्रह-वेधशाळेच्या नोंदींवरून एका क्वेसारच्या क्ष-किरणांत असे शोषण दाखवले, आणि मध्ये अर्धवट आयनीभूत वायू असला पाहिजे असे सुचवले. या वायूला पुढे ‘उबदार शोषक’ हे नाव मिळाले. त्याचे तापमान लाख अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या दृष्टीने उबदार हा शब्द थट्टेचाच वाटावा! परंतु त्या परिसरात कोट्यवधी अंशांचा वायू असतो. त्या मानाने हा उबदारच. त्यातील ऑक्सिजनच्या अणूंनी आपल्या आठ इलेक्ट्रॉनांपैकी सहा-सात गमावलेले असतात.

मूलद्रव्य कळले, आता वेग. त्यासाठी आपल्या उपनगरातलेच उदाहरण घेऊ. जोगेश्वरी-अंधेरीजवळ वेरावली येथे हवामान खात्याने जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतील आपले दुसरे डॉप्लर रडार सुरू केले. पहिले कुलाब्याला आहे. हे रडार ढगाकडे रेडिओ लहरी पाठवते. पावसाचे थेंब आपल्या दिशेने येत असतील, तर परत येणाऱ्या लहरी थोड्या दाटतात. दूर जात असतील, तर विरळ होतात. या लहानशा फरकावरून ढगातील वाऱ्याचा वेग निघतो. दीर्घिकेच्या बाबतीत आपल्याला काही पाठवावे लागत नाही. तिच्याकडून येणाऱ्या किरणांतील शोषणरेषा मूळ जागेपासून किती सरकल्या एवढेच पाहायचे. वायू आपल्या दिशेने येत असेल, तर रेषा जास्त ऊर्जेकडे सरकते. उबदार शोषकांचे वेग सामान्यतः सेकंदाला काहीशे ते एक-दोन हजार किलोमीटर आढळतात.

आता विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी फक्त एक उरला, तर तो अणू ६.९७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण शोषतो. समजा, विश्वाच्या प्रसरणामुळे पडलेला फरक वजा केल्यावर ही खाच सुमारे ९ या आकड्यावर सापडली. ९ ला ६.९७ ने भागा. उत्तर सुमारे १.२९ येते. वेग फार मोठा असल्याने येथे आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेचे सूत्र वापरावे लागते, पण तेही कठीण नाही. १.२९ चा वर्ग करा. तो सुमारे १.६७ होतो. त्यातून १ वजा केल्यास ०.६७, आणि त्यात १ मिळविल्यास २.६७. पहिल्या संख्येला दुसरीने भागा. उत्तर पाव! म्हणजे हा वायू प्रकाशाच्या पाव वेगाने, सेकंदाला सुमारे ७५,००० किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येत आहे. एका सेकंदात पृथ्वीला जवळजवळ दोन प्रदक्षिणा होतील, असा हा वेग आहे.

हे उदाहरण काल्पनिक नाही. ‘पीडीएस ४५६’ नावाचा क्वेसार आपल्यापासून दोन अब्जांहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. युरोपचा एक्सएमएम-न्यूटन आणि अमेरिकेचा नूस्टार या दोन उपग्रहांनी २०१३-१४ मध्ये त्याचे एकाच वेळी पाचदा निरीक्षण केले, आणि २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आला. तेथील वारा प्रकाशाच्या सुमारे पाव वेगाने, आणि जवळजवळ सर्व दिशांना वाहतो. एक लाख कोटी सूर्य मिळून दर सेकंदाला जेवढी ऊर्जा देतील, त्याहून अधिक ऊर्जा हा वारा वाहून नेतो. दीर्घिकेतील ताऱ्यांची निर्मिती रोखण्यास एवढी शक्ती पुरेशी आहे.

आपणास वाटेल, हे सर्व युरोप-अमेरिकेत चालते. तसे नाही. पुण्यास विद्यापीठाच्या आवारात आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे आयुका आहे. १९८८ साली ते स्थापन झाले, आणि डॉ. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक-संचालक होते. मराठी वाचकांना विज्ञानाची गोडी लावणारे नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. त्यांनी आणि अजित केंभावी यांनी मिळून क्वेसार व सक्रिय दीर्घिकांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

याच आयुकामध्ये शिबाशिष लाहा या तरुण संशोधकाने गुलाब देवांगन, केंभावी, सुस्मिता चक्रवर्ती आणि परदेशातील मत्तेओ ग्वाइनात्सी यांच्याबरोबर उबदार शोषकांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी २६ सायफर्ट दीर्घिका घेतल्या. एक्सएमएम-न्यूटनने केलेल्या त्यांच्या निरीक्षणांची सर्वांसाठी एकाच पद्धतीने छाननी केली, आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६५ टक्के दीर्घिकांत उबदार शोषक निश्चितपणे आढळले. म्हणजे आपल्या जवळच्या विश्वातील निम्म्याहून अधिक सायफर्ट दीर्घिकांत असा वायू असावा. हा वारा ही अपवादात्मक गोष्ट नव्हे, हे यातून दिसले.

या अभ्यासातील दुसरी बाब मला अधिक रोचक वाटते. वायू किती आयनीभूत आहे याप्रमाणे सर्व नोंदी ओळीने मांडल्या असता मधल्या एका पट्ट्यात काहीच सापडले नाही. कमी आयनीभूत वायू आहे, जास्त आयनीभूत वायू आहे, पण मधला नाही. एखाद्याला वाटेल की, शोध अपुरा पडला. संशोधकांनी वेगळा अर्थ लावला. त्या मधल्या अवस्थेत वायू स्थिर राहूच शकत नाही. कौलारू छपराच्या आढ्यावर चेंडू ठेवला तर तो इकडे तरी घरंगळतो किंवा तिकडे तरी; आढ्यावर थांबत नाही. तसाच हा वायू थोडा तापला की आणखी तापत जातो, थोडा निवला की आणखी निवत जातो. वायूच्या अशा स्थैर्याचा हिशेब चक्रवर्ती आणि केंभावी यांनी परदेशी सहकाऱ्यांसह आधीच काही वर्षे मांडला होता. जे सापडले नाही त्याचीही नोंद केली, म्हणून त्यातून ज्ञान मिळाले.

आता पुण्याहून मुंबईला येऊ. क्ष-किरणांना पृथ्वीचे वातावरण अडवते. हे आपल्या जिवाच्या दृष्टीने चांगलेच आहे, पण त्यामुळे क्ष-किरणांची दुर्बीण वातावरणाच्या वर न्यावी लागते. सूर्यमालेबाहेरचा क्ष-किरणांचा पहिला स्रोत १८ जून १९६२ रोजी अमेरिकेत रिकार्दो जाक्कोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडलेल्या अग्निबाणाने शोधला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याच दशकाच्या उत्तरार्धात हैदराबादहून मोठे फुगे सोडून क्ष-किरणांची निरीक्षणे सुरू केली. १९ एप्रिल १९७५ रोजी आकाशात गेलेल्या ‘आर्यभट’ या आपल्या पहिल्या उपग्रहावर क्ष-किरणांचे एक उपकरण होते. पण वीजपुरवठ्यात बिघाड होऊन काही दिवसांतच प्रयोग बंद पडले. १९९६ मध्ये टाटा संस्था आणि इस्रो यांची क्ष-किरण उपकरणे दुसऱ्या एका उपग्रहावर बसून गेली. आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘अॅस्ट्रोसॅट’ हा संपूर्णपणे खगोलशास्त्रासाठी वाहिलेला भारताचा पहिला उपग्रह ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत गेला. १९७५ ते २०१५, चाळीस वर्षे!

या उपग्रहावरील मृदू क्ष-किरणांची दुर्बीण टाटा संस्थेने बनविली. तिचा कॅमेरा तयार करताना इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाचे सहकार्य होते. क्ष-किरण सरळ आरशावर पडले तर ते परत फिरत नाहीत. आरशात शिरून शोषले जातात. पाण्यावर चपटा दगड अगदी तिरका फेकला तर तो पाण्याला घासून उडत जातो, तसे क्ष-किरण आरशाला जेमतेम घासून गेले तरच वळतात. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ आरशांची ४० वलये एकात एक बसवावी लागली. आपल्या लोकलच्या चर्चगेट-सीएसएमटी या शेवटच्या स्थानकांहून बसने जाण्याच्या अंतरावर हे काम झाले.

अॅस्ट्रोसॅटचे वैशिष्ट्य असे की, अतिनील किरण आणि मृदू व कठीण क्ष-किरण यांची निरीक्षणे तो एकाच वेळी करू शकतो. सक्रिय दीर्घिकेची तबकडी मुख्यतः अतिनील किरण देते, आणि कृष्णविवराजवळचा अतितप्त वायू क्ष-किरण देतो. दोन्हींची नोंद एकाच घटकेला झाली, तर कोणते बदल कशामुळे झाले ते तपासता येते. त्याचे अपेक्षित आयुष्य ५ वर्षांचे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला अवकाशात १० वर्षे पूर्ण झाली. अतिबारीक शोषणरेषा वाचण्याचे काम मात्र वेगळ्या प्रकारच्या उपकरणांचे आहे.

असे उपकरण जपानने अमेरिकेच्या सहकार्याने बनविले. त्यात क्ष-किरणाचा एकेक कण पडला की जी अत्यल्प उष्णता निर्माण होते ती मोजतात. यासाठी ते निरपेक्ष शून्याच्या वर केवळ ०.०५ अंशावर ठेवावे लागते. २००० साली ते नेणारा उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. २००५ मध्ये दुसरा उपग्रह पोहोचला, पण थंडावा देणारे हेलियम थोड्याच दिवसांत उडून गेले. २०१६ मध्ये तिसरा उपग्रह गेला. सुमारे पाच आठवड्यांनी तो निकामी झाला. चौथा, ‘क्रिझम’, ७ सप्टेंबर २०२३ रोजी जपानने अमेरिका आणि युरोप यांच्या सहकार्याने सोडला, आणि तो यशस्वी झाला. त्याने २०२४ मध्ये त्याच ‘पीडीएस ४५६’ कडे पाहिले. मे २०२५ मध्ये ‘नेचर’ मध्ये निष्कर्ष आला. पूर्वी जो वारा सलग समजला जात होता, तो किमान पाच वेगवेगळ्या वेगांच्या वायूंचा, गोळ्यागोळ्यांचा बनलेला आहे. आणि त्यांचे वेग प्रकाशाच्या २० ते ३० टक्के आहेत. मग एवढा शक्तिमान वारा साऱ्या दीर्घिकेवर सारखा आदळतो, की मधल्या फटींतून निसटून जातो, की थांबून थांबून वाहतो? पुढच्या पिढीसाठी हा प्रश्न मोकळा आहे. आणि ‘पुढची पिढी’ म्हणजे कोण? ती या सभागृहात मागच्या रांगेत बसलेली आहे.

आता मी सुरुवातीच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. पालकहो, दरवर्षी दहावी-बारावीच्या निकालानंतर एखादा मुलगा किंवा मुलगी घरी सांगते की, मला भौतिकशास्त्र शिकायचे आहे. घरातून उत्तर येते, “त्यात काय मिळणार? दोन वर्षांत कमावता येईल असे काही शीक.” हे उत्तर देणारे आईवडील वाईट नसतात. भाडे, औषधपाणी, धाकट्या भावंडांची फी हा हिशेब त्यांनाच करायचा असतो. त्या काळजीला मी कमी लेखत नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी माहिती पुरी असावी, एवढीच माझी विनंती आहे.

ती माहिती अशी. बी.एस्सी. नंतर प्रवेशपरीक्षा देऊन चांगल्या संस्थांत एम.एस्सी. ला जाता येते. टाटा संस्था किंवा आयुका येथे पीएच.डी. साठी निवड झालेल्या विद्यार्थ्याला दरमहा शिष्यवृत्ती मिळते. घरच्यांनी खर्च करावा लागत नाही. निवड कठीण असते, जागा थोड्या असतात, आणि वर्षे बरीच जातात, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्याला खगोलशास्त्रात जागा मिळाली नाही त्याच्याजवळ गणित, संगणक आणि आकडेवारीची छाननी ही विद्या राहते, आणि तिला बाजारात किंमत आहे. क्ष-किरणांच्या वर्णपटातून खरी खाच आणि योगायोगाची खाच वेगळी काढणे हे शेवटी आकड्यांचेच काम असते.

सुरुवात करण्यास पैसाही फारसा लागत नाही. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान व खगोलशास्त्राच्या ऑलिम्पियाडचे काम तेथून चालते. घाटकोपर-मुलुंडच्या मुलांना ते दूर नाही. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. आयुकाच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. एक्सएमएम-न्यूटनच्या जुन्या नोंदी जगातील कोणालाही विनामूल्य पाहता येतात. अॅस्ट्रोसॅटच्या नोंदीही २०१८ पासून खुल्या होऊ लागल्या आहेत. पुण्याच्या संशोधकांनी ज्या उपग्रहाच्या नोंदींवर काम केले, त्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला संगणकावर उघडून पाहता येतात. कोण कुठल्या वस्तीतून आला हे तो उपग्रह विचारत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही दोन गोष्टी सांगतो. पहिली, इंग्रजी कच्चे आहे म्हणून विज्ञान सोडू नका. आज आपण लोखंडाच्या रेषेवरून वेग काढला, तो मराठीत आणि दहावीच्या गणितानेच काढला. दुसरी, पाठांतरावर विसंबू नका. ‘हे कशावरून?’ हा प्रश्न शिक्षकांना विचारा, मलाही विचारा. कृष्णविवराजवळून वारा वाहतो हे मी सांगितले म्हणून मानू नका. कोणती रेषा, किती सरकली, कोणी मोजली, दुसऱ्या कोणी पडताळली का, हे विचारा. ही सवय लागली तर तुम्ही पुढे दुकान चालवा, नर्सिंग करा, वकिली करा, ती कामालाच येईल. कोणी येऊन भलतेच सांगितले तर तुम्ही फसणार नाही.

पालकहो, प्रत्येक मुलाने शास्त्रज्ञ व्हावे असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या मुलाला किंवा मुलीला खरोखर ओढ आहे, तिला ‘हे आपल्यासारख्यांचे नव्हे’ या एका वाक्यावर थांबवू नये. हे काम कुलाब्याला झाले आहे, पुण्याला झाले आहे. ते करणारी माणसेही एके काळी कोठल्या तरी शाळेच्या बाकावर बसून तिसऱ्या तासाची घंटा कधी होते याची वाट पाहत होती. येत्या निकालानंतर घरात हा विषय निघेल तेव्हा, निर्णय काहीही होवो, तो मुलाचे म्हणणे पुरते ऐकून घेऊन व्हावा, आणि शिक्षकांना एकदा भेटून व्हावा. आमचे दार त्यासाठी उघडे आहे.